ख्रिस्ती मंडळीची आत्मिक पुनर्जागृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्मिक पुनर्जागृती म्हणजे नेमके काय?

ज्याच्यात कधीकाळी जीव होता आणि जो आता मलूल पडला आहे, त्यालाच पुन्हा जागे करता येते. म्हणून हा शब्द मुळात मंडळीच्या आतल्या माणसांसाठी आहे. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे, ज्यांची नावे मंडळीच्या नोंदवहीत आहेत, जे नाताळला आणि ईस्टरला न चुकता देवळात येतात, परंतु ज्यांची प्रार्थना केवळ पाठांतर होऊन बसली आहे, अशा आपणा सर्वांना देव पुन्हा आपल्याकडे वळवतो, तेव्हा त्याला पुनर्जागृती किंवा आपल्या मंडळ्यांच्या बोलीत ‘संजीवन’ म्हणतात. आपल्याकडे ‘संजीवन सभा’ हा शब्द इतका रुळला आहे की मंडप, ध्वनिक्षेपक आणि बाहेरगावचा वक्ता म्हणजेच संजीवन, असा समज होऊन बसला आहे. सभा हे फार तर निमित्त होते. तीन दिवसांची सभा उत्तम पार पडूनही मंडळी जिथल्या तिथे राहिलेली आपण अनेकांनी पाहिली आहे.

मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. मला जागृतीची गरज आहे, असे कशावरून म्हणता?

या प्रश्नाला पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके थेट उत्तर मला दुसरे माहीत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, तेथे त्यांनी हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी व्याख्याने दिली, निधी उभारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन ही शाळा सुरू केली. ख्रिस्ती सेवा म्हणून जे जे सांगता येईल ते सारे त्यांच्या पदरी होते. तरीही १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून मिळालेला नाही. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत ही गोष्ट स्वतःच लिहून ठेवली.

ज्या स्त्रीने सत्याच्या शोधात एवढे सोसले, तिला जर बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी हे कबूल करावे लागले, तर आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या विश्वासावर निर्धास्त बसलेल्या आपल्यासारख्यांनी स्वतःला निदान हा प्रश्न तरी विचारावा. सार्दीस येथील मंडळीला प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच सांगितले आहे की जिवंत म्हणून तिचा लौकिक आहे, पण ती मेलेली आहे. हा लौकिक गावात आणि डायोसिसमध्ये, म्हणजे धर्मप्रांतात, टिकून असल्यामुळेच मरण लवकर लक्षात येत नाही.

आजच ही गरज इतकी तीव्र का वाटते?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्यापेक्षा थोडी कमी आहे. मात्र संख्या लहान असणे हे काही मलूलपणाचे कारण नव्हे, कारण यरुशलेमेत माडीवर प्रार्थना करणारे अवघे एकशेवीस होते. कारणे आपल्या घरांतच सापडतात.

पहिले कारण असे की घरातील प्रार्थना बंद पडली आहे. एके काळी मिशनच्या चाळींतून संध्याकाळी दिवेलागणीला घरोघरी उपासना होत असे, आजी पवित्र शास्त्राचा अध्याय वाचत असे आणि मुले गीताचे शेवटचे कडवे पेंगत पेंगत म्हणत असत. आज त्याच वेळी प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. त्यावर सकाळी शास्त्रवचनाचे चित्र येते, आपण ते पुढे पाठवतो आणि वचन वाचल्याचे समाधान मानतो. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. मंडळीतील सर्वांत जास्त शक्ती आज निवडणुका, कमिट्या आणि मालमत्ता यांत खर्च होते. मिशनऱ्यांनी शाळा, दवाखाने आणि बंगले उभारले, त्या जमिनींना आज सोन्याचा भाव आला आहे आणि त्यांच्यासाठी एकाच प्रभुभोजनाच्या मेजाभोवती गुडघे टेकणारी माणसे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि कोर्टात एकमेकांसमोर उभी राहतात. तिसरे कारण म्हणजे आपण आपल्या पूर्वजांच्या विश्वासाची किंमत विसरलो आहोत. ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले म्हणून गावाने पाणी बंद केले, वारसा नाकारला, त्यांच्या नातवंडांना रविवारी नऊ वाजताची उपासना गैरसोयीची वाटते.

प्रकटीकरणातच इफिसच्या मंडळीवर ठेवलेला ठपका श्रम, धीर किंवा शुद्ध शिकवण यांच्या अभावाचा नव्हता, ते सर्व तिच्याजवळ होते. तिने आपली पहिली प्रीती सोडली होती. आपल्या मंडळ्यांचे दुखणेही बव्हंशी हेच आहे, असे मला वाटते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली काय घडले होते?

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत वाचवून आणलेल्या मुली व स्त्रिया मोठ्या संख्येने राहत होत्या. एका टप्प्यावर ही वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली होती. त्यांना अन्न, वस्त्र, शिक्षण आणि हाताला काम मिळत होते. प्रार्थनाही होत होती. तरीही रमाबाई समाधानी नव्हत्या. ऑस्ट्रेलियातील जागृतीच्या बातम्या कानी आल्यावर त्यांनी आपली कन्या मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवले होते. घरोघरच्या लहान प्रार्थनागटांनी त्या जागृतीची पायाभरणी कशी केली, हे त्यांना तेथून समजले. पुढे १९०४ मध्ये वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स यांच्या काळात सुरू झालेल्या जागृतीची वार्ताही पोहोचली.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना जागृतीच्या गरजेविषयी सांगितले आणि रोज प्रार्थनेला जमण्यास कोण तयार आहे, असे विचारले. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. पुढे रमाबाईंनी आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाण्यासाठी स्वेच्छेने नावे मागितली, तेव्हा तीस तरुणी तयार झाल्या आणि या कामासाठी सामर्थ्य मिळावे म्हणून प्रार्थना करू लागल्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास त्यांच्यापैकी एक मुलगी जागी झाली. तिच्या शेजारी निजलेल्या मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ही शेजारची मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि पाणी ओतणार तोच तिला कळले की ही आग जाळणारी नाही. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत असता सर्व मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

आगीच्या दर्शनाची गोष्ट आपण वारंवार सांगतो, पण तिच्या आधीचे सहा महिने सांगायला विसरतो. जानेवारीपासून जूनपर्यंत रोज, कोणतेही चिन्ह दिसत नसताना, त्या मुली जमत होत्या. त्यांतील पुष्कळजणी अनाथ होत्या, कित्येक बालविधवा होत्या, आणि दुष्काळाने तर बहुतेकींचे सारे काही हिरावून नेले होते. जगाने ज्यांना ओझे मानले, त्यांच्यामार्फत देवाने पश्चिम भारतातील मंडळ्यांना जागे केले. त्यांच्या तुकड्या पुण्याला आणि इतर मिशनांतही प्रार्थनेसाठी गेल्या. त्याच काळात पूर्वेला खासी टेकड्यांवर आणि १९०६ मध्ये मिझोरममध्येही जागृती झाली.

रडणे, ओरडणे, अन्य भाषांत बोलणे, हे सर्व झाले नाही तर ती जागृती खरी नव्हे का?

मुक्तीतही हा प्रश्न आला होता. गोंगाटावर टीका झाली, आणि स्वभावाने शांत व विदुषी असलेल्या रमाबाईंना त्या टीकेचे उत्तर द्यावे लागले. देव ज्या रीतीने काम करतो तिला आपल्या शिष्टाचारात कोंबू नये, अशी त्यांची भूमिका होती, पण त्या पाहत होत्या ते फळाकडे. तेथे अन्य भाषांचे दानही दिसले, तरी ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असा आग्रह धरला गेला नाही.

आज आपल्याकडे दोन्ही टोके आढळतात. काही ठिकाणी डोळ्यांत पाणी आले तरी लोक चोरून पुसतात, कारण जुन्या मंडळीत भावना दाखवणे कमीपणाचे समजतात. काही ठिकाणी वाद्यांचा आवाज वाढवून आणि एकच ओळ वीस वेळा म्हणवून घेऊन भावना मुद्दाम चेतवल्या जातात. करिंथच्या मंडळीला पौलाने आत्म्याची दाने नाकारायला सांगितले नाही आणि सर्व काही व्यवस्थितपणे व्हावे हेही सांगितले. माझे मत विचाराल तर सभेत किती लोक रडले हे मोजण्यापेक्षा पुढच्या महिन्यात किती जणांनी जुनी उधारी फेडली, हे पाहावे.

पश्चात्ताप म्हणजे मनात वाईट वाटणे पुरेसे नाही का?

जकातदार जक्कयाला फक्त वाईट वाटले असते, तर यरीहोतील ज्या लोकांना त्याने लुबाडले होते त्यांच्या पदरात काहीच पडले नसते. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. त्याच्या पश्चात्तापात रक्कम होती आणि त्या रकमेचे धनी कोण, हेही त्याला ठाऊक होते. डोंगरावरील प्रवचनात तर प्रभूने उपासना मध्येच थांबवायला सांगितली आहे. वेदीजवळ दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा.

या वचनाने मला स्वतःला फार दिवस छळले आहे. आमच्या घरी वडिलोपार्जित खोलीवरून चुलतभावाशी माझे बोलणे बंद होते, आणि आम्ही दोघेही एकाच देवळात, दोन वेगळ्या बाजूंच्या बाकांवर बसून, ‘जसे आम्ही आमच्या ऋण्यांस सोडले आहे’ असे दर रविवारी म्हणत होतो. अकरा वर्षे मी ते वाक्य म्हटले. ज्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो, त्या दिवशी आमच्यात वाद मिटला नाही, खोलीचा प्रश्न पुढेही काही महिने राहिला, पण प्रभूची प्रार्थना मला पुन्हा खरेपणाने म्हणता येऊ लागली.

पापाची कबुली सर्वांसमोर द्यावी का?

सरसकट देऊ नये. जे पाप देवाविरुद्ध आणि मनातले आहे ते देवाजवळ कबूल करावे, जे एका व्यक्तीविरुद्ध आहे ते त्या व्यक्तीजवळ, आणि ज्याने संपूर्ण मंडळीची हानी झाली, उदाहरणार्थ मंडळीच्या पैशाचा गैरवापर, ते मंडळीसमोर. भरसभेत दुसऱ्याचे नाव घेऊन ‘मी अमुक बाईंचा द्वेष करत होतो’ असे सांगणे म्हणजे त्या बाईंवर नवा आघात करणे होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. स्त्रीवरील किंवा बालकावरील अत्याचार हा ‘क्षमा करून मिटवण्याचा’ विषय नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून पीडितेला गप्प बसवणारी मंडळी कितीही उपास करो, यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील उपास तो नव्हे.

मंडळीतील जातिभेदाचा पुनर्जागृतीशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे, आणि याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. अहमदनगर परिसरात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने महार आणि मांग समाजातील लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. ख्रिस्तात सर्व एक आहेत या शिकवणीने त्यांना माणूस म्हणून ताठ उभे केले. तरीसुद्धा लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारणे, एका समाजाचा पाळक दुसऱ्या वस्तीला न चालणे, निवडणुकीत पॅनेल जातीवर उभे करणे हे थांबले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीविषयी लिहिताना जात सोबत घेऊन आल्याबद्दल कठोर टीका केली होती. ती टीका विरोधकाची म्हणून बाजूला सारण्याऐवजी संदेष्ट्याच्या फटकाऱ्यासारखी ऐकली पाहिजे.

राज्याकडे न्याय मागणे योग्यच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. परंतु जो समाज सरकारपुढे समतेची मागणी करतो, त्याने आपल्या देवळातल्या बाकांवर ती आधी पाळली पाहिजे. या पापाचा अंगीकार केल्याशिवाय आपल्या मंडळ्यांत खोल जागृती येईल, असे मला वाटत नाही.

जागृती आली की आजार बरे होतात आणि आर्थिक भरभराट होते, हे खरे आहे का?

देव आजही बरे करतो यावर आपला विश्वास आहे आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. पण औषध बंद करायला सांगणारा, किंवा ‘इतके बीज पेरा म्हणजे इतके पीक येईल’ असे म्हणून गरिबाच्या घरातील शेवटची नोट काढून घेणारा उपदेशक जागृतीचा सेवक नाही. मधुमेहाची गोळी घेणे हा अविश्वास नव्हे. रमाबाईंची कन्या मनोरमा १९२१ साली आईच्या आधीच मरण पावली, आणि पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. ज्या घरात एवढी जागृती झाली त्या घराला शोक चुकला नाही.

हे सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुरते आहे का? कॅथलिकांनी काय करावे?

मुळीच नाही. वसईच्या वाडीतील कॅथलिक कुटुंब आणि नगरच्या मिशन चाळीतील कुटुंब यांच्या उपासनेच्या रीती वेगळ्या असतील, पण सवयीने विश्वास गोठतो तो दोन्हीकडे सारखाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेत मिस्सा करण्याचा मार्ग मोकळा केला आणि पवित्र शास्त्र सामान्य भाविकांच्या हाती देण्यावर भर दिला. प्रायश्चित्त संस्कार, उपवासकाळ, क्रुसाची वाट या गोष्टी मुळात आत्मपरीक्षणासाठीच आहेत. त्या मनापासून पाळल्या, तर जागृतीसाठी वेगळे काही शोधत जाण्याची गरज नाही.

पुनर्जागृती म्हणजे धर्मांतराची मोहीम का?

नाही. योशीया राजाच्या काळी मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचे पुस्तक सापडले आणि राजाने आपली वस्त्रे फाडली. तेव्हा ते पुस्तक हरवले होते देवाच्याच मंदिरात आणि पश्चात्ताप करायचा होता देवाच्याच लोकांना. जागृत माणूस आपल्या प्रभूविषयी बोलतो, तो त्याचा विश्वास आणि घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे, पण आमिष, दडपण किंवा इतर धर्मांची निंदा यांना त्यात जागा नाही.

जागृतीचे रूप मराठी असू शकते का, की परदेशी सभांची नक्कल करावी लागेल?

नारायण वामन टिळकांनी याचे उत्तर जगून दाखवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तुकारामांचा अभंग त्यांनी टाकून दिला नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी ओवी-अभंगात ओतली आणि टाळ-चिपळ्यांच्या साथीने कीर्तने केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा येशूच्या सर्व शिष्यांना स्थान होते. त्याहून कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत लिहिलेले ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले होते. आणि रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, कारण खेड्यातल्या बाईला ते समजावे असे त्यांना वाटत होते.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना ‘उपासना संगीता’तील जुनी गीते समजत नाहीत ही तक्रार खरी आहे. त्यावर त्यांना रागावून उपयोग नाही. शब्बाथशाळेत एका रविवारी एकच गीत घ्यावे, त्यातील कठीण शब्द उलगडून सांगावे आणि ते कोणी, कोणत्या दुःखातून लिहिले हे सांगावे. मुलांना नव्या चालीची गाणी हवी असतील तर तीही गाऊ द्यावीत. तरुणांच्या प्रश्नांना मात्र ‘विश्वास ठेवा म्हणजे झाले’ असे उत्तर कधीही देऊ नये.

पाळकसाहेबांना यात रस नसेल तर आम्ही काय करावे?

प्रथम त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, आणि त्यांना भेटून त्यांची प्रकृती, घर, पगार यांची चौकशी करावी. अनेक पाळक एकटेपणाने थकलेले असतात. तीन-चार गावांची जबाबदारी, कमिटीतील दोन गटांची ओढाताण आणि वेळेवर न मिळणारे वेतन यांत त्यांचा स्वतःचा प्रार्थनेचा वेळ सर्वांत आधी संपतो. त्यांच्या पाठीमागे गट बनवू नये. वेगळी मंडळी काढण्याची घाई तर करूच नये, कारण फुटून निघालेल्या मंडळीत दहा वर्षांनी तेच भांडण नव्या नावांनी उभे राहते.

सुरुवात कशी करावी?

मुक्तीच्या उदाहरणावरून जे शिकता येते तेच येथे सांगतो. दोघे किंवा तिघे तयार असतील तर पुरे. रोज जमणे शक्य नसेल तर आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा घ्याव्यात आणि त्या मोडू नयेत. स्वयंपाक, नोकरी, लोकलचा प्रवास यांतून निघेल अशीच वेळ निवडावी. सुरुवातीला स्तोत्र ५१ वाचावे आणि काही वेळ कोणीही बोलू नये. इतरांच्या पापांसाठी प्रार्थना करण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘प्रभू, आमच्या कमिटीला सुबुद्धी दे’ ही प्रार्थना बहुतेक वेळा चहाडीच असते. नंतर एक शुभवर्तमान सलग वाचायला घ्यावे, मार्काचे सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांचे. ज्यांच्याशी बोलणे बंद आहे अशा एका व्यक्तीचे नाव प्रत्येकाने मनात घ्यावे आणि महिनाभरात तिच्या घरी जावे. गटाच्या वहीत किती लोक आले याची नोंद ठेवू नये.

सहा महिने प्रार्थना करूनही काही झाले नाही तर?

सातव्या महिन्यात ठरलेल्या वेळी पुन्हा जमावे. केडगावच्या त्या सत्तर मुलींपैकी एकीलाही जानेवारीत जूनची तारीख माहीत नव्हती.